वयोश्रीच्या ३,००० रुपयांत काय घ्यावं: कमोड खुर्ची, काठी, वॉकर आणि यादीत नसलेला एक दांडा

मुख्यमंत्री वयोश्री योजना महाराष्ट्रात २०२४ पासून चालू आहे. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत, आणि तीच वस्तू गेल्या ३ वर्षांत सरकारकडून फुकट मिळालेली नसली, की आधारशी जोडलेल्या खात्यात एकदाच ३,००० रुपये येतात. श्रावणबाळ निवृत्तिवेतनाच्या दोन महिन्यांच्या पैशांएवढी ही रक्कम. यादीत चष्मा, श्रवणयंत्र, तीन पायांची ट्रायपॉड काठी, व्हीलचेअर, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस (गुडघ्याचा पट्टा), लंबर बेल्ट (कमरेचा पट्टा), सर्व्हायकल कॉलर (मानेचा पट्टा) अशा वस्तू आहेत. पैसे आले की घरातलं कोणीतरी सर्जिकलच्या दुकानात जातं, दुकानदार "वजन किती, पेशंट चालतो का" एवढं विचारतो आणि वस्तू बांधून देतो. संडासाचं दार किती रुंद आहे हे कोणी विचारत नाही. खरं तर पहिला प्रश्न तोच हवा. तोच वॉकर एका घरात माणसाला उठून फिरायला लावतो आणि दुसऱ्या घरात कपडे वाळत घालायच्या कामी येतो, आणि फरक बहुतेकदा पाच-सात सेंटिमीटरचा असतो.

म्हणून इथे वस्तूंना जोखलंय ते आपल्याकडची घरं डोळ्यांसमोर ठेवून. किमती साधारण आहेत, गाव आणि कंपनी बघून दोन-चारशे इकडेतिकडे होतील.

सुरुवात कमोड खुर्चीपासून, कारण यादीतली सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आणि सगळ्यात जास्त चुकीची घेतली जाते तीही तीच. तिचे तीन प्रकार मिळतात. पहिलं, भारतीय संडासाच्या भांड्यावर ठेवायचं कमोड स्टूल, ८०० ते १,५०० रुपये. दुसरी, खाली बादली असलेली घडीची खुर्ची, १,५०० ते ३,०००. तिसरी चाकांची, ती ३,००० च्या पुढेच जाते.

स्टूल घ्यायचं असेल तर आधी भांड्याचा ओटा मोजा. जुन्या घरांत भांडं जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच ओट्यावर बसवलेलं असतं. स्टूलचे मागचे पाय ओट्यावर आणि पुढचे खाली, अशी पाळी आली तर पाय वरखाली करून जुळवता येतील असं वाटतं. पण बटण दाबून वरखाली करायच्या पायांत सगळा मिळून १०-१२ सेंटिमीटरचाच फरक बसतो, तेव्हा ओटा त्याहून उंच असला की स्टूल पुढे कलतं. चारही पाय ओट्यावर मावले तरी दुसरी अडचण उरते. बसायची उंची ओट्यापासून ४० सेंटिमीटर, ओटा १५, म्हणजे ओटा पुढे आखूड असेल तर जमीन बैठकीपासून ५५ सेंटिमीटर खाली राहते आणि बसलेल्या माणसाचे पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसले की जोर करता येत नाही, आणि उठताना पाय जमीन शोधत पुढे घसरतात. यावर उपाय दुकानात मिळत नाही. गवंड्याकडून ओटा पुढे ३० सेंटिमीटर वाढवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, विटा-सिमेंट फारसं लागत नाही, आणि वरून गुळगुळीत टाइल न लावता खरखरीत कोबा ठेवायचा.

उंचीचा हिशेब असा. माणसाला रोजच्या चपला घालून बसवा आणि गुडघ्यामागच्या खळीपासून जमिनीपर्यंत मोजा. बैठक त्याहून २ ते ४ सेंटिमीटर उंच हवी. गुडघे धरलेले असतील तर ५ चालेल. बाजारातल्या खुर्च्या बहुधा ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतात आणि ठेंगण्या बाईची ही खळी ३७-३८ वर असते. म्हणून उंची बदलता येणारे पायच घ्या. न बदलणारी खुर्ची शंभर-दोनशेने स्वस्त मिळेल, पण ती दुसऱ्याच कोणाच्या तरी मापाची असेल.

शिंतोडे उडतात ही सगळ्यांची तक्रार. भांड्यापासून बैठक उंच गेली की लघवी उंचावरून पडते आणि पाय, भिंत, साडी सगळं ओलं होतं. ओल्या जमिनीमुळे घसरण्याची भीती वाढते ती वेगळीच. बैठकीखाली अडकवायचा बिनबुडाचा प्लास्टिकचा नळा काही स्टूलांबरोबर येतो. येत नसेल तर बैठकीच्या भोकाएवढी साधी बादली घेऊन तिचा तळ कापला की काम भागतं. कापलेली कड मात्र घासून घ्या.

आता गंज. "स्टील आहे" म्हणून विकलेल्या बऱ्याच खुर्च्या लोखंडी पाइपवर क्रोम किंवा पावडरचा मुलामा असलेल्या असतात. संडास ॲसिडने धुवायची आपली सवय या मुलाम्याला एका पावसाळ्यात खाते, कोकणपट्टीत त्याहून लवकर. गंज धरतो तो पायाच्या रबरी बुटाच्या आत. तिथे पाणी साचतं आणि वरून काही दिसत नाही. विकत घेताना बूट काढून पाइपाचं टोक बघा, आणि घरी आल्यावर दर महिन्याला एकदा बूट काढून पुसा. ॲल्युमिनियम गंजत नाही, पण पातळ नळी असेल तर जड माणसाखाली सांध्याजवळ वाकते. वजन पेलायची मर्यादा बहुतेक खुर्च्यांवर १०० किलो लिहिलेली असते. ती स्थिर बसलेल्या माणसासाठी असते, धपकन बसणाऱ्यासाठी नाही. ८० किलोच्या वर वजन असेल तर जाड पाइपची घ्या.

हलकं स्टूल कलंडतं ते माणूस एकाच हातावर जोर देऊन उठतो तेव्हा. पाय खाली बाहेरच्या बाजूला पसरलेले असावेत आणि पाठ भिंतीला लावून ठेवावी. चाकांच्या खुर्चीचा मोह आवरा. तिची लहान चाकं २ सेंटिमीटरच्या उंबऱ्याला अडतात, आणि ब्रेक दोनच चाकांना असले तर ओल्या फरशीवर ती ब्रेक लावलेली असतानाही सरकते.

चाळीत, वस्तीत, जिथे संडास सामाईक आहे आणि व्हरांड्याच्या टोकाला किंवा गल्लीपलीकडे आहे, तिथे बादलीची खुर्ची रात्रीपुरती खरोखर घर बदलून टाकते. रात्री जावं लागू नये म्हणून म्हाताऱ्या बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, सकाळी उठताना चक्कर, आणि चक्कर येऊन पडणं. खुर्ची आली की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. पण बादली कोण रिकामी करणार हे खुर्ची आणण्याच्या आधी ठरवा. बहुतेक घरांत ते काम न बोलता सुनेच्या अंगावर पडतं, आणि सासूला ते कळतं, म्हणून ती खुर्ची वापरत नाही. झाकणाची बादली घ्या, वापरण्याआधी तळाला पेलाभर पाणी आणि थोडं फिनाइल टाका म्हणजे चिकटत नाही, सकाळची एक वेळ आणि पाळी ठरवा, आणि खुर्चीभोवती पडदा लावा. दहा बाय बाराच्या खोलीत पडदा हीच खासगी जागा. पडद्याशिवायची खुर्ची पंधरा दिवसांत माळ्यावर जाते. शेणाने सारवलेल्या जमिनीवर चार पाय खचतात, तिथे खाली सपाट फळी टाका. खुर्चीला ५ पैकी ४ गुण. चौथा गुण पडद्यामुळे मिळालाय.

आता यादीत नसलेली वस्तू. भिंतीतला धरायचा दांडा, ज्याला दुकानात ग्रॅब बार म्हणतात. स्टेनलेस स्टीलचा ४५ सेंटिमीटरचा दांडा ५०० ते ९०० रुपयांत येतो. रुपयामागे पडणं टाळण्याच्या हिशेबात याच्या जवळपास यादीतली एकही वस्तू जात नाही, आणि तरी तो यादीत नाही, याचं आश्चर्य वाटतं. बहुधा तो माणसाला "दिला" असं मोजता येत नाही, घराला दिला जातो.

दांडा ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा असावा. त्याहून जाड असला तर संधिवाताच्या बोटांत मावत नाही. भिंत आणि दांडा यांच्यात ४ सेंटिमीटरच्या आसपास जागा हवी. जास्त असली तर हात आत घसरून मनगट अडकतं. कमोडच्या बाजूला आडवा लावायचा असेल तर जमिनीपासून ७० ते ८० सेंटिमीटरवर. बसल्यावर कोपर जिथे येतं त्याच्या जरा वर, असं माणसाला बसवूनच पेन्सिलने खूण करा. भारतीय भांड्यावर उकिडवं बसणाऱ्यासाठी आडव्यापेक्षा उभा दांडा बरा. तो समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर, बसताना हात पोचेल तिथून उभं राहिल्यावर छातीपर्यंत. उठताना हातावर हात चढवत जाता येतं.

बसवणं हेच खरं काम. टाइल ८ मिलिमीटर, तिच्यामागे मसाला १५-२०, त्यामागे वीट. ३५ मिलिमीटरचा स्क्रू आणि प्लास्टिकचा प्लग लावून प्लंबर जातो तेव्हा तो दांडा मसाल्यालाच धरलेला असतो. टॉवेल लटकेल, माणूस लटकणार नाही. विटेत किमान ४० मिलिमीटर आत जाईल एवढा लांब स्क्रू किंवा अँकर फास्टनर (भिंतीत फुगून घट्ट बसणारा बोल्ट) लागतो. टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, टाइल पार झाली की चालू करायचा, नाहीतर टाइल तडकते. नळाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका, आतला पाइप बहुधा तिथूनच जातो. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात. त्यात साधा फास्टनर भुगा करून ढिला होतो, त्यासाठी वेगळा प्लग मागावा लागतो. पत्र्याच्या किंवा फळीच्या भिंतीत दांडा लावूच नका. तिथे जमिनीवर उभी राहणारी, कमोडला दोन्ही बाजूंनी वेढणारी चौकट घ्या. भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देत नसेल तरी हाच मार्ग. काचेला चिकटतात तसे रबरी शोषक कप असलेले दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात. तेलकट, ओल्या टाइलवर ते न सांगता सुटतात. शून्य गुण, आणि घरात असतील तर काढून टाका, कारण नसलेल्या आधारावर कोणी भार टाकत नाही.

बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दोन्ही हातांनी ओढून बघावं. मग वापरायला द्यावा.

काठी २५० ते ६०० रुपये, तीन किंवा चार पायांची ५०० ते १,०००. यादीत ट्रायपॉड आहे म्हणून लोक तीच घेतात. सपाट फरशीवर, अर्धांगवायू झालेल्या माणसाला ती छान आधार देते. पण तिचे सगळे पाय एकदम टेकले तरच ती आधार असते. गावच्या रस्त्यावर, पेव्हर ब्लॉकवर, अरुंद जिन्यावर ती कलते किंवा तिचा एक पाय हवेत राहतो. घराबाहेर चालणाऱ्या आणि नुसता तोल सावरायचा असणाऱ्या माणसाला साधी एका टोकाची, उंची बदलणारी काठी जास्त बरी. चार पायांची घेतली तर तिची सपाट बाजू माणसाकडे आणि पसरलेले पाय बाहेर, हे दुकानातच तपासा. बऱ्याच काठ्या उलट्या जोडून दिल्या जातात आणि चालताना पायात येतात.

माप असं: चपला घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मनगटाच्या घडीपाशी मूठ आली पाहिजे. धरल्यावर कोपर किंचित वाकतं. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे उलटं करणारे दहात सात तरी दिसतात, कारण दुखरी बाजूच आधार मागते असं मनाला वाटतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी.

खर्च करायचा तर काठीच्या रबरी बुटावर करा. २० ते ५० रुपयांची वस्तू आहे. तळाच्या गोल रेघा झिजून सपाट झाल्या की बदलायचा. शहाबादीवर, कडप्प्यावर, झिजलेला बूट साबणासारखा सरकतो. नळीची जाडी मोजून न्या, १६, १९ आणि २२ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत तो येतो आणि सैल बूट चिखलातच राहतो.

वॉकर, ९०० ते १,८००. खाली त्याची रुंदी ५० ते ६० सेंटिमीटर असते. जुन्या संडासाचं दार २ फुटी, म्हणजे ६०, आणि चौकट वजा जाता मोकळी जागा ५५. म्हणजे खोलीभर वॉकर घेऊन आलेला माणूस नेमका सगळ्यात ओल्या, सगळ्यात घसरड्या जागी आधाराशिवाय आत जातो. आधी टेप घेऊन दार मोजा. वॉकर मावत नसेल तर दाराच्या आत लगेच हाताला येईल असा दांडा लावा, म्हणजे एक सोडायचा आणि दुसरा धरायचा. दार आत उघडत असेल तर ते उलटं करून बाहेर उघडेल असं घ्या. आत पडलेल्या माणसाच्या अंगामुळे दार अडकतं आणि बाहेरच्यांना ते ढकलताही येत नाही. बिजागऱ्या बदलायचं काम सुताराचं तासाभराचं आहे. पुढे दोन चाकं असलेला वॉकर कंपवाताच्या माणसाला बरा पडतो, पण मोरीच्या कठड्याला आणि उंबऱ्याला ती चाकं अडतात. वॉकर धरून जिना चढायचा नाही, हे दुकानदारही सांगत नाही.

व्हीलचेअर ३,००० रुपयांत चांगली मिळत नाही. ५,००० च्या खालची घेऊ नका, आणि केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात ती वस्तूरूपाने मिळू शकते, तिथे नाव द्या. पट्टे आणि कॉलर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. कमरेचा पट्टा दिवसभर बांधून ठेवला तर स्नायू आळसावतात.

श्रवणयंत्राबद्दल जरा थांबून. या रकमेत खिशात ठेवायचं, वायरचं यंत्र येतं. ते सगळाच आवाज मोठा करतं, कुकरची शिट्टीसुद्धा. कानाची तपासणी न करता घेतलं तर आठवड्यात खणात जातं. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं याची तपासणी) करून घ्या, कान मळाने भरलेला नाही ना हेही तिथेच कळेल. चष्म्याआधी मोतीबिंदू तपासा. आणि दुहेरी भिंगाचा चष्मा घालून जिना उतरताना खालच्या भिंगातून पायरी धूसर दिसते. जास्त फिरणाऱ्याला बाहेरसाठी लांबच्या नंबरचा वेगळा साधा चष्मा असलेला चांगला.

वस्तू बरोबर घेतली, बरोबर बसवली, तरी ती वापरली जाईल का हे शेजारपाजार ठरवतो. काठी घेऊन खाली उतरल्यावर "काय हो, इतक्यात काठी?" असं चौघांनी विचारलं की पाचव्या दिवशी काठी दारामागे राहते. कट्ट्यावर आणखी दोन काठ्या टेकवलेल्या असतील तर तिसरी आपोआप खाली येते. पुणे, ठाणे अशा शहरांत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. पण केंद्र पहिल्या मजल्यावर असेल आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा असेल, तर तिथे येणाऱ्यांत गुडघेदुखीवाले दिसत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघांनी सहल काढायच्या आधी दुसऱ्या बाजूचा कठडा मागावा. घरापासून भाजीवाल्यापर्यंत वाटेत बसायला एक जागा असणं, हे वॉकरपेक्षा स्वस्त आणि दहा जणांच्या कामाचं. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास भांडण होतं, बाकासाठी ठराव मांडायला दोन मिनिटं लागतात.

घरातल्या बिनखर्चाच्या गोष्टीही याच हिशेबात धरा. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवरची पायपुसणी काढा. त्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा. पाण्याची गोळी (लघवी जास्त व्हावी म्हणून दिलेली) संध्याकाळी चालू असेल तर सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारा, रात्रीच्या दोन फेऱ्या तिथेच वाचू शकतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तळपायाला तेल लावून मोरीपर्यंत चालत जाऊ देऊ नका. तेल मोरीतच, स्टूलावर बसल्यावर लावायचं.

तर ३,००० ची वाटणी. ब्लॉकमध्ये राहणाऱ्यासाठी: उंची बदलणारं कमोड स्टूल १,३००, साधी काठी ४००, संडासात आणि न्हाणीत एकेक दांडा मिळून १,२००, आणि बसवणावळ वरून. एका खोलीत, सामाईक संडास असलेल्यासाठी: बादलीची घडीची खुर्ची २,०००, काठी ४००, पडदा आणि तार ३००, उरलेल्यात रात्रीचा दिवा आणि दोन जादा रबरी बूट. दांडे, पडदा, दिवा यांचं बिल वेगळं करा, कारण ते यादीत बसत नाहीत. यादीतल्या वस्तूंची पावती लाभार्थ्याच्याच नावाने घ्या, मुलाच्या नावाने नको, कारण खरेदीचा पुरावा द्यावा लागतो. दुकानात टेप आणि दाराचं माप घेऊन जा, आणि "घरी मावली नाही तर बदलून देणार" हे पावतीच्या मागे लिहून घ्या. लिहून द्यायला नकार देणाऱ्या दुकानातून खुर्ची घेऊ नका.